दातांचं शेड कार्ड

२ मार्च, रविवार, सकाळी

लेकीचा व्हिडिओ कॉल. बातमी आहे. ज्या मुलाशी लग्न करायचं तिच्या मनात आहे त्याला घेऊन ती महिनाअखेरीस येणार. मुलगा सर्व्हेअर आहे, जमिनींची मोजणी करतो. तिने फोनवरच प्लॅन सांगितला. चौघांनी सोफ्यावर बसायचं, चौघांनी खळखळून हसायचं, आणि तो फोटो मोठा करून तिच्या नव्या घरात लावायचा. मी एवढा खूश झालो की मोठ्याने हसलो.

हसलो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःला पाहिलं. दात पिवळे आहेत. थोडेफार पिवळसर म्हणून सोडून द्यावेत असे नाहीत, चांगले पिवळे आहेत.

मोबाईल जुना आहे, कॅमेऱ्यात रंग बिघडतो, हे खरं. पण शेजारी ही बसली होती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्याच कॅमेऱ्यात हिचे दात पांढरे दिसत होते.

निश्चय: महिनाअखेरीपर्यंत दात पांढरे. घरच्या घरी आणि कमी खर्चात. कुणालाही सांगायचं नाही. आजपासून रोजनिशी, म्हणजे प्रगतीची नोंद राहील. दात पांढरे होईपर्यंत हसणं बंद.

३ मार्च

मी रंगाच्या दुकानात काउंटरला उभा असतो. पांढरा कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. नुसत्या पांढऱ्याची आमच्याकडे दोन पानं आहेत. लोकांना ते सगळे सारखेच वाटतात, मला लांबून नाव सांगता येतं.

जेवणाच्या सुट्टीत शेड कार्ड घेऊन आरशासमोर उभा राहिलो. पट्टी दाताला लावून वरून खाली यायला सुरुवात केली. स्नो व्हाइट नाही. मिल्क नाही. आयव्हरी नाही. पांढऱ्यांची पानं संपली. पुढचं पान पिवळ्यांचं. तिथे बटरस्कॉचला जुळलं.

मग टाइल्सच्या नमुन्यांवर जो पांढरा दिवा लावलेला आहे त्याच्याखाली जाऊन परत बघितलं. तिथे ओल्ड क्रीम आलं. तेच लिहून ठेवतो आहे. ग्राहकाला मी नेहमी सांगतो, शेड उन्हात नेऊन बघा. पण तो नियम बाहेरच्या भिंतींना लागू. दात ही आतली भिंत.

टार्गेट: आयव्हरी. स्नो व्हाइट मला शोभणार नाही, आणि लोक संशय घेतील.

आमचा सहकारी, जो मशीनवर रंग मिसळून देतो आणि ज्याला सगळे मशीनच म्हणतात, त्याने विचारलं की मी कार्ड चावतोय का. मी म्हटलं, क्वालिटी चेक.

४ मार्च

डेंटिस्टकडे जाऊन आलो. फक्त चौकशी. त्याने तोंडात दिवा घातला, आरसा फिरवला आणि सांगितलं की आधी साफसफाई करू, मग पांढरे करायचं बघू. खर्चाचा आकडा सांगितला. तेवढ्यात तीन खोल्या पुट्टीसकट रंगवून होतात आणि वर ग्रिलला ऑइल पेंटही बसतो. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. आमच्या घरी मला कोण विचारतं हा भाग वेगळा.

निघताना त्याने बजावलं, लिंबू, सोडा, कोळसा असलं काही घासू नका, दाताचं वरचं आवरण जातं, ते परत येत नाही. असं म्हणणारच तो. त्याचं दुकान आहे. मीसुद्धा ग्राहकाला सांगतोच ना, चुना नको, इमल्शनच घ्या.

६ मार्च

सरफेस प्रिपरेशन. कोणत्याही कामात तेच महत्त्वाचं, जुना थर निघाल्याशिवाय नवीन धरत नाही. खायचा सोडा आणि लिंबाचा रस, वाटीत. फसफसलं. म्हणजे काम करतंय. ब्रशने घासलं. तोंडाला फेस आला, शब्दशः. चूळ भरल्यावर जिभेला दात एकदम करकरीत लागले.

ही विचारत होती सोड्याचा डबा बाथरूममध्ये कसा गेला. मी म्हटलं, पाइप तुंबला होता. तिने लगेच कौतुक केलं की कधी नव्हे ते घरातलं काहीतरी स्वतःहून केलंत. वाईट वाटलं. पण त्यात खोटंही फारसं काही नाही.

चहा आता स्ट्रॉने. चहा दाताला न लावता थेट घशात. दुकानात हसतात. हसू देत, त्यांना परवडतं.

८ मार्च

कार्ड लावून पाहिलं. ओल्ड क्रीमच. पण फरक पडलाय, मला जाणवतोय. कार्डात एवढ्या बारीक शेड नसतात, हा कार्डाचा दोष.

९ मार्च, रविवार

कॉल. आज मोजणीवालाही होता स्क्रीनवर. उंच आहे, मोकळा आहे. आल्या आल्या त्याने किस्सा सांगितला. कुठल्याशा शेतात मोजायला गेला तर दोन भावांनी मोजपट्टीची दोन टोकं धरली आणि भांडत भांडत ती मधोमध तोडली. मग ती जोडायला तिसरा भाऊ धावून आला, आणि त्याचाही जमिनीत वाटा आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. किस्सा चांगला होता. मला आतून हसू फुटत होतं. ओठ घट्ट मिटून धरले, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. संयम म्हणतात तो हाच.

तिकडून लेक म्हणाली, बाबांची स्क्रीन अडकली वाटतं, चेहरा हलतच नाहीये. हिने मला चिमटा काढला तेव्हा हललो. मग लेकीला कळलं की स्क्रीन ठीक होती. त्यानंतर मोजणीवाल्याने दुसरा किस्सा सांगितला नाही.

११ मार्च

सोडा सौम्य पडतोय. आता कोळसा. मेडिकलमध्ये कोळशाच्या कॅप्सूल मिळतात पण कोळशाला एवढे पैसे देणं तत्त्वात बसत नाही. इस्त्रीवाल्याकडून दोन विझलेले खडे घेतले. तो म्हणाला कशाला हवेत, मी म्हटलं कुंडीला. मिक्सरच्या लहान भांड्यात वाटले. भांडं नीट धुतलं. बहुतेक नीट.

दुपारी: दुकानात एक बाई हॉलसाठी शेड विचारायला आल्या. मी न हसण्याचा नियम विसरून त्यांना हसत हसत समजावायला लागलो. त्या कार्ड बघायच्या सोडून माझ्या तोंडाकडेच बघत राहिल्या आणि घरी विचारून सांगते म्हणून निघून गेल्या. आरशात जाऊन बघितलं. टाइल्सच्या फटींत काळं ग्राउट भरावं तसं प्रत्येक दाताभोवती काळं.

पण एक गोष्ट लक्षात आली. काळ्या रेघांमुळे मधला दात चक्क पांढरा वाटत होता. यावर विचार करायला हवा.

संध्याकाळी: हिने चटणी वाटली. राखाडी झाली. निमूट खाल्ली.

१४ मार्च

खोबरेल तेल तोंडात धरून खुळखुळवत राहायचं, असा एक उपाय आहे. पुट्टी मारण्याआधी भिंत ओलवतात, त्यातलाच प्रकार. सकाळी तेल तोंडात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत होतो. ही मागून आली आणि बोलायला लागली. लेकीने तिला फोन केला होता. बाबांना तो मुलगा आवडला नाही का, हसले नाहीत, धड बोलले नाहीत, तू विचार ना, असं. हिने मला सरळ विचारलं, तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका.

मी बोटाने खूण केली, थांब. तोंड भरलेलं. तिने परत विचारलं. मी परत बोट दाखवलं. ती म्हणाली, बोट काय दाखवता, मी काय तुमच्या दुकानातली हमाल आहे. आणि मग म्हणाली, काही बोलत नाही म्हणजे पसंत नाही असंच समजते.

बेसिनपर्यंत धावलो. तेल थुंकून परत येईपर्यंत ती खाली भाजीला गेलेली.

गैरसमज झालाय. पण आता खुलासा करायचा तर दातांचं सगळंच सांगावं लागेल, सोड्यापासून कोळशापर्यंत. चटणीचाही विषय निघेल. त्यापेक्षा दात झाले की मी हसेन आणि आपोआप सगळा खुलासा होईल. एका हसण्यात काम.

१६ मार्च, रविवार

कॉल आला. लेक हिच्याशीच बोलली. मी मुद्दाम समोरून दोनदा गेलो. मला तिने विचारलं, बरे आहात ना. मी मान हलवली. ती म्हणाली, बरं. एवढंच.

थंड पाणी प्यायलं की दातांतून कळ थेट कानात जाते. म्हणजे उपाय आतपर्यंत पोचलाय.

१९ मार्च

लिहू की नको. लिहितो, कोण वाचतंय.

दुकानातून झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणला. सगळ्यात बारीक असतो, फर्निचरवर शेवटचा हात मारायला वापरतात. दर्शनी भागाला लावणार नव्हतोच. आधी कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात सॅम्पल मारून बघायचं, ही आमच्या धंद्यातली शिस्त. म्हणून मागची दाढ. एकच हात.

ओरडलो. ही धावत आली. जीभ चावली म्हणून सांगितलं. तिने हातातला पॉलिश पेपर बघितला आणि काही विचारलं नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की ती कधीकधी विचारणं सोडून देते.

सोडा बंद. कोळसा बंद. कार्ड अजून ओल्ड क्रीमवरच, आणि तेही टाइल्सच्या दिव्याखाली.

२१ मार्च

सुचलं. त्या दिवशी कोळशाने सुचवलंच होतं, मीच दुर्लक्ष केलं. ग्राहक येऊन म्हणतो की पांढरा पिवळट दिसतोय, तेव्हा आम्ही त्याला रंग बदलून देत नाही. आम्ही त्याला शेजारची भिंत गडद करायला सांगतो. गडदाशेजारी कुठलाही पांढरा पांढराच दिसतो.

दात नाही बदलायचे. सोफ्यामागची भिंत बदलायची. फोटो तिथेच काढणार ना.

आमच्याकडे रिटर्न आलेले डबे असतात. मशीनने चुकीची शेड मिसळली किंवा ग्राहकाला भिंतीवर आवडली नाही, की डबा परत. ते मालक पडत्या भावात काढतात. एक गडद डबा बघून ठेवला. निळा म्हणावा तर काळा, काळा म्हणावा तर निळा. मशीन म्हणाला, हा मागच्या वर्षीचा, एका जोडप्याने बेडरूमला लावला आणि आठवड्यात परत पांढरा मारला. मी म्हटलं, त्यांना डोळे नव्हते.

२३ मार्च, रविवार

भिंत रंगवली. स्वतः. आयुष्यभर रंग विकला, ब्रश आज धरला. कंबर गेली, पण काम झालं. कडा थोड्या वेड्यावाकड्या आहेत, सोफा लावला की दिसत नाहीत.

ही बाहेरून आली आणि दारातच थांबली. म्हणाली, लेक पाहुणा घेऊन येतेय आणि तुम्ही घराची ही अवस्था केलीत. मी म्हटलं, फोटो चांगला येईल. ती म्हणाली, तुमचा राग आहे तर तोंडाने सांगा, भिंतीवर कशाला काढता. मग आत जाऊन बसली. मला तिला सगळं सांगायचं होतं. दारापर्यंत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. परत आलो.

त्या भिंतीपुढे आरसा धरून बघितलं. दिवा बंद, खिडकी अर्धी उघडी, मान किंचित डावीकडे. आयव्हरी. जवळजवळ.

२६ मार्च

लेकीने हिला विचारलं म्हणे, आम्ही यायचं की नको. ही मला म्हणाली, तुम्हीच सांगा तिला. फोन माझ्या हातात दिला. मला म्हणायचं होतं, अगं वेडे, ये ना, मी वाट बघतोय. पण पंख्याचा वारा तोंडात गेला की ठणका लागतो, त्यामुळे ओठ मिटूनच बोलतो हल्ली. यायचंय तर या, एवढंच बाहेर पडलं. माझं मलाच ते कसं तरी वाटलं.

पण येतायत. महत्त्वाचं तेच.

३० मार्च, रविवार, संध्याकाळी

गेले ते. जेवायला थांबणार होते, थांबले नाहीत.

जे झालं ते क्रमाने लिहितो. दार मी उघडलं. ठरलं होतं की दारातच पूर्ण हसायचं, म्हणजे सगळे गैरसमज उंबऱ्याबाहेर राहतील. मोजणीवाला समोर उभा होता, दोन्ही हातांत पिशव्या, आणि आधीच हसत होता. मी तोंड उघडलं. जिन्यातून वारा आला आणि समोरच्या चारही दातांत एकदम घुसला. चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं असणार. त्याचं हसू बघता बघता उतरलं. तो सावकाश पिशव्या खाली ठेवून म्हणाला, काका, आम्ही चुकीच्या वेळी आलो का.

ही सावरायला पुढे झाली. सोफ्यावर बसवलं. त्या भिंतीमुळे खोलीत भर दुपारी अंधार वाटत होता. लेक भिंतीकडेच बघत होती. हिने थंडगार सरबत आणून दिलं. पाहुण्यासमोर नाही कसं म्हणायचं. पहिल्याच घोटाला उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन गालावर हात दाबून उभा राहिलो. बाहेर तिघं हळू आवाजात बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं. लेक त्याला म्हणाली, बघ, मी तुला सांगितलं होतं.

बाहेर आलो तेव्हा मोजणीवाल्यानेच वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. खरं तर मुलीचा बाप मी, आणि धडपड तो करत होता. फोटो काढू म्हणाला. मोबाईल टेबलावर उभा केला, टायमर लावला, पळत येऊन माझ्या शेजारी बसला. लेक त्याच्या घाईला हसली, तोंड भरून. तो हसला. हीसुद्धा हसली. मी ओठ मिटून बसलो होतो, कारण ठणका अजून होता. फोटोत मी असा आलोय की कुणीतरी मला तिथे बसवून ठेवलंय आणि उठायची परवानगी नाही.

निघताना तो म्हणाला, तुम्हाला वेळ हवा असेल तर घ्या काका, आम्हाला घाई नाही. चांगला मुलगा आहे. फार चांगला आहे. मला त्याला तेच सांगायचं होतं. मी हं म्हणालो.

३१ मार्च, सकाळी

हिने समोर बसवलं. म्हणाली, आज मला खरं कळल्याशिवाय चहा नाही. सांगितलं सगळं. कार्ड, सोडा, लिंबू, इस्त्रीवाला, तेल, पॉलिश पेपर, रिटर्नचा डबा. ती आधी हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीचा हात धरून खाली बसली. मिक्सरचं भांडं ऐकल्यावर थांबली. मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, अहो, पोरगी रात्रभर रडली असेल, दातांसाठी.

मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना.

तिने लगेच लेकीला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. नाही गं, आवडलाय त्यांना मुलगा, फारच आवडलाय, त्यांना त्यांच्या दातांची लाज वाटत होती, पिवळे आहेत म्हणून. पलीकडे लेक हसल्याचं ऐकू आलं. मग एकदम ठेवते म्हणाली.

असो. गैरसमज मिटला. उशिरा मिटला, पण मिटला. एकंदरीत बघता मोहीम अगदीच फुकट गेली असं म्हणता येणार नाही. डेंटिस्टकडे जाऊन निदान ठणक्याचं बघावं असं ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात.

५ एप्रिल

हिने भिंत परत पांढरी करायला सांगितली आहे. शेड तीच निवडणार, मला विचारणार नाही.

लग्नाची तारीख ठरली. मोजणीवाल्याशी फोनवर बोललो, मोकळेपणाने, त्याने त्या तिसऱ्या भावाचं पुढे काय झालं ते सांगितलं आणि मी हसलो. दुखलं, पण हसलो. बरं वाटलं.

६ एप्रिल, रविवार, दुपारी

लेकीने फोटो पाठवला. पत्रिकेवर छापायला दोघांनी स्टुडिओत जाऊन काढलाय. हिला फार आवडला, तिने शेजारी सगळीकडे दाखवून आणला. मला काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. मग कळलं. तो तोंडभर हसतोय. लेक ओठ मिटून हसतेय.

तिचा असा फोटो मी कधी पाहिला नव्हता. जुने फोटो काढून बघितले. शाळेतले, सहलीचे, पडलेल्या दातांचे, कॉलेजचे. प्रत्येक फोटोत ती सगळे दात दाखवून हसतेय. रंग काय आहे ते बघायचं मला आजवर कधी सुचलंच नव्हतं. आज नीट बघितलं. माझेच आहेत.

इतक्यात तिचा मेसेज आला, फक्त मला. बाबा, आई म्हणाली ते ऐकल्यावर मी पहिल्यांदाच आरशात बघितलं, माझे अगदी तुमच्यासारखेच आहेत, इतके दिवस मला कुणी सांगितलंच नाही. लग्नाला वेळ आहे अजून, तुम्ही काय काय लावलं होतं ते मला सांगा.

मी लगेच लिहिलं. काही लावू नकोस, तुझे दात छान आहेत, मला तर ते कधी पिवळे दिसलेच नाहीत.

तिचं उत्तर आलं. मग तुमचे तुम्हाला का दिसले, असं विचारलंय.

ही आतून विचारतेय, लेक काय म्हणतेय. मी म्हटलं, सांगतो.